दिनदर्शिका २०२६ : गुढीपाडवा की ‘वसंत मेळावा’?

प्रेषक: सचिव
प्रति: मंडळ-चर्चा
विषय: दिनदर्शिका २०२६, नावांबद्दल

सर्वांना नमस्कार,

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिनदर्शिकेचं पहिलं प्रूफ ठाण्याहून आलंय. फाईल शुक्रवारी रात्री (भारतीय वेळ) छपाईला जाणार, म्हणजे दुरुस्त्या गुरुवारपर्यंत हव्यात. कार्यक्रमांची नावं कुणाच्या धर्माला खटकू नयेत अशी करावीत, असा कार्यकारिणीचा विचार आहे. मंडळात आता कोकणी मुसलमान, वसईकडची ख्रिस्ती, बौद्ध, जैन कुटुंबं आहेत आणि हॉल काउंटीच्या शाळेचा आहे. प्रस्ताव असा: संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे ‘हिवाळी स्नेहमेळावा’, गुढीपाडवा ‘वसंत मेळावा’ (शनिवार २१ मार्च), गणेशोत्सव ‘सांस्कृतिक सप्ताहांत’, दिवाळी ‘प्रकाशोत्सव’, नाताळ ‘वर्षाखेर मेळावा’.

नौपाड्याचे काका, तारखांच्या चौकटीतली नावंही याच धर्तीवर करता येतील का? युवा समितीची ८ ऑगस्टची ‘गटारी नाइट’ तशीच ठेवली आहे.

— सचिव

---

प्रेषक: जुळणी व प्रूफ, नौपाडा, ठाणे
विषय: उत्तर: दिनदर्शिका २०२६, नावांबद्दल

सचिवताई,

करता येतं सगळंच. पण मग ती दिनदर्शिका राहणार नाही, नुसता तारखांचा कागद होईल.

आधी जागेचं सांगतो. पान ११ इंच रुंद, दोन्ही बाजूंना १० मिमी समास, सात वार. चौकट पडते ३७ मिमीची. ८ पॉइंटमध्ये एका ओळीत पंधराएक अक्षरं बसतात. दोन ओळींत ११ पॉइंटपेक्षा कमी अंतर ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. त्यामुळे चौकटीत जास्तीत जास्त तीन ओळी. १ मे २०२६ ला महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा एकत्र आहेत, १५ ऑगस्टला स्वातंत्र्य दिन आणि पारशी नववर्ष. तिथे ‘प्रकाशाचा’, ‘ऐक्याचा’ असली विशेषणं कोंबायला जागा नाही, आणि नावं गाळली तर उरतं काय?

नाव सौम्य करण्यापेक्षा ते बरोबर छापणं महत्त्वाचं. तुमच्या प्रूफात १५ ऑगस्टला ‘पतेती’ आहे. पतेती हा सरत्या वर्षाचा शेवटचा दिवस, पश्चात्तापाचा. तो १४ ला. १५ ला नवरोज. आपल्याकडे वर्षानुवर्षं पतेतीच्या शुभेच्छा देतात आणि पारशी शेजारी हसून घेतात. २६ जूनला मोहरमच्या चौकटीत तोरणाचं चित्र आलंय, ३ एप्रिलला गुड फ्रायडेला फुगे. दोन्ही दुःखाचे दिवस. खटकायचं ते इथे खटकतं. ‘मोहरम’ किंवा ‘दिवाळी’ या शब्दाने नाही.

दसऱ्याला (२० ऑक्टोबर) दोन ओळी हव्यात: ‘विजयादशमी’ आणि ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या दिवशी विजयादशमी होती. कुणी तिथीने पाळतं, कुणी तारखेने, म्हणून १४ ऑक्टोबरच्या चौकटीतही एक ओळ घ्या.

ठाण्यात बसून हा विषय निघाल्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथलं शआर हाशमायिम सिनेगॉग १८७९ चं. बेने इस्राएल मंडळींनी (कोकणातले मराठी ज्यू) आपल्या सणांना मराठी नावं कधीच दिली आहेत: रोश हशाना (ज्यू नववर्ष) म्हणजे ‘नव्याचा सण’, योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताचा उपास) दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’, अव या ज्यू महिन्याच्या नवमीचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा सण’. शोकाचे दिवस, मांस वर्ज्य, म्हणून वालाचं बिरडं. नावं बदलली खरी, पण सण पाळणाऱ्यांनी, स्वतःच्या स्वयंपाकघरातून. कुणाला वाईट वाटेल म्हणून दुसऱ्याने बसून ठरवलेली नव्हेत ती. ‘नाताळ’ तरी काय? पोर्तुगीज शब्द, अर्थ जन्म. वसईच्या ख्रिस्ती घरांत तो आपला झाला. तो खोडून ‘वर्षाखेर’ लिहिलंत, तर त्या घरांना तुम्ही नक्की काय दिलंत?

जाता जाता: १९ मार्चला पाडवा. ठाण्यात त्या दिवशी सूर्योदयानंतर काही मिनिटांनी अमावस्या संपते आणि दुसऱ्या पहाटे प्रतिपदाही संपते, म्हणजे प्रतिपदेचा क्षय. शके १९४८ च्या संवत्सराचं नाव ‘पराभव’. हेही बदलायचं का? पुढचं प्लवंग आहे, म्हणजे माकड.

आणि नाव खरोखर बदलायचं असेल तर ‘गटारी’चं बदला. १२ ऑगस्टला दीप अमावस्या आहे, चौकटीत तेच छापणार. घरात दिवे घासून पुजायचा दिवस आहे तो.

— नौपाडा

---

प्रेषक: सुट्ट्यांच्या याद्या, ऐरोली
विषय: उत्तर: उत्तर: दिनदर्शिका २०२६, नावांबद्दल

नमस्कार,

काकांशी सहमत. पण भावना बाजूला ठेवून यादी करणाऱ्याच्या अंगाने लिहिते. ऐरोलीतल्या ऑफिसांत परदेशी ग्राहकांच्या सुट्ट्या आपल्या सुट्ट्यांशी जुळवाव्या लागतात, आणि तटस्थ नावं सगळ्यात जास्त घोळ घालतात. ‘फॅमिली डे’ घ्या. दक्षिण आफ्रिकेत तो ईस्टरनंतरचा सोमवार, २०२६ मध्ये ६ एप्रिल. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ, अल्बर्टा वगैरे प्रांतांत फेब्रुवारीचा तिसरा सोमवार, म्हणजे १६ फेब्रुवारी. यादीत नुसतं ‘फॅमिली डे’ असेल तर एका टीमची सुट्टी हमखास दीड महिना इकडेतिकडे होते. ‘ईस्टर मंडे’ म्हटलं की गोंधळ नाही, कारण नावातच तारीख कशी काढायची ते असतं. आपल्याकडेही तेच: ‘बलिप्रतिपदा’ म्हटलं की कार्तिक शुद्ध प्रतिपदा. ‘प्रकाशोत्सव दिवस ३’ म्हणजे काय, ते पुढच्या वर्षीच्या समितीला कळणार नाही.

दक्षिण आफ्रिकेचंच दुसरं उदाहरण, बदल खरा लागू पडल्याचं. १६ डिसेंबर हा तिथे ‘शपथेचा दिवस’ होता. १८३८ च्या लढाईआधी गोऱ्या वसाहतवाल्यांनी देवापुढे घेतलेली शपथ; ज्यांच्याविरुद्ध ती लढाई झाली ते झुलू. १९९४ च्या सुट्ट्यांच्या कायद्याने तारीख तीच ठेवून नाव ‘समेटाचा दिवस’ केलं. तिथे सणाचा अर्थच दुसऱ्यांवरचा विजय होता, म्हणून नाव बदलणं भाग पडलं. गुड फ्रायडे आणि ख्रिसमस त्याच कायद्यात स्वतःच्या नावाने राहिले. पाडव्यात कुणाचा पराभव आहे? (संवत्सराचा सोडून.)

ब्रिटनचा ‘स्प्रिंग बँक हॉलिडे’ही कुणी पुढे करेल, म्हणून आधीच सांगते. व्हिट मंडेची (पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरचा सोमवार) तारीख ईस्टरबरोबर सरकते; ती मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पक्की करायची होती, १९७१ च्या कायद्याने केली. धर्म दुखावण्याशी त्याचा संबंध नाही.

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर नावानिशी ठरलेल्या आहेत. वर आणखी चार सणांच्या सुट्ट्या मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. कुठले चार हे बसून बोलायचं, एवढंच. कुठल्याही सणाचं नाव पुसायची गरज पडत नाही.

— ऐरोली

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: नावांबद्दल

मंडळी,

नावं बदलण्याचा आग्रह मुख्यतः माझा, त्यामागचं कारण पैशाचं. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकी रक्कम स्वतः घालतात, पण धार्मिक कामासाठी नाही. पावतीवर ‘गणेशपूजा’ दिसलं की अर्ज परत येतो. शिवाय शाळेच्या हॉलचा अर्ज आहेच. ऐरोलीच्या ताईंचे मुद्दे पटतात, पण यावर उपाय काय?

---

प्रेषक: हॉल व परवाने, नेरूळ
विषय: उत्तर: खजिनदार

खजिनदारसाहेब,

पावतीचा प्रश्न पावतीवरच सोडवा. कंपनी खर्च कशावर झाला ते बघते, कार्यक्रमाचं नाव नाही. म्हणून दोन खाती ठेवा: पूजा, मूर्ती, गुरुजींची दक्षिणा वेगळी, ती वर्गणीतून; हॉल, ध्वनी, नाटक, मराठी शाळा वेगळी, कंपनीकडून येणारी देणगी तिथेच. ‘सांस्कृतिक सप्ताहांत’ नाव देऊन आत मूर्तीचा खर्च दिसला, तर ते लपवल्यासारखं दिसेल आणि पुढचे अर्जही अडकतील.

हॉलचा अर्ज मी तीनदा वाचला. नावावर एकही प्रश्न नाही. प्रश्न आहेत ते उघड्या ज्योतीवर, धुरावर, विम्यावर आणि अन्नावर. समईऐवजी विजेची समई, कापूर आत नाही, धूप नाही. धूरशोधक यंत्र वाजलं की सगळी इमारत रिकामी करतात आणि अनामत जाते. गुढीची काठी सहा फुटांची, वर तांब्या धरून साडेसहा. छत नऊ फूट, पण पाण्याचे फवारे छताखाली लोंबतात. तांब्या आणि फवारा यांत दीड फूट मोकळं राहील अशी जागा आधी मोजून घ्या. दारावरच्या पाटीवर: ‘गुढीपाडवा, मराठी नववर्ष. ४ ते ४:१५ गुढी व आरती. ४:३० नाटक. ६:३० जेवण. सर्वांना आमंत्रण.’ ज्याला आरतीला थांबायचं नाही तो साडेचारला येतो, खुलासे द्यावे लागत नाहीत.

मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत २०१४ साली काय झालं ते या यादीवर काहींना आठवत असेल. मुसलमान पालकांचं म्हणणं एवढंच की शाळेच्या कॅलेंडरवर ज्यू आणि ख्रिस्ती सणांशेजारी ईदचंही नाव छापा. शिक्षण मंडळाने समतेचा मार्ग काढला: सगळ्यांचीच नावं उडवली, सुट्ट्या तेवढ्या ठेवल्या. ज्यांनी मागितलं त्यांना काही मिळालं नाही, ज्यांचं होतं त्यांचं गेलं, आणि राग मात्र मागणाऱ्यांवर निघाला. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेने १९९७ आणि १९९८ ला हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांवर ‘विंटरव्हल’ नावाची छत्री धरली. ख्रिसमस त्या छत्रीखाली नावासकट होता, तरी ‘ख्रिसमस पुसला’ ही ओरड वर्तमानपत्रांत पुढची दहा-बारा वर्षं चालली.

हळदीकुंकवाचं मात्र वेगळं आहे. तिथे नाव बदलून आत तेच केलं, म्हणजे वाण फक्त सवाष्णींना, तर ‘स्नेहमेळावा’ हे नाव खोटं. विधवा, अविवाहित, घटस्फोटित, सगळ्यांना तेच वाण आणि तिळगूळ असेल तर ‘संक्रांत तिळगूळ समारंभ’ म्हणा. कुंकू दाराशी ताटात ठेवा, लावायचं तिने स्वतः लावावं. आधी रीत बदला, नाव आपोआप सुचेल.

— नेरूळ

---

प्रेषक: सभासद, मूळच्या कौशाच्या
विषय: उत्तर: खटकण्याबद्दल

सचिवताई, सलाम आणि नमस्कार.

‘कोकणी मुसलमानांना खटकेल’ असं दोनदा वाचलं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मुंब्रा-कौशात आणि भिवंडीत पाडव्याला पाडवाच म्हणतात, दिवाळीला दिवाळीच.

खरी अडचण तुम्ही ठेवलेल्या तारखेत आहे. २१ मार्च. चंद्र दिसण्यावर रमजान ईद २० किंवा २१ ला पडते. ज्यांना खटकू नये म्हणून नाव बदलताय, त्यांना यायलाच जमणार नाही. २८ मार्च करा. रामनवमी २६ ला होऊन जाते आणि गुड फ्रायडे ३ एप्रिलला आहे.

दुसरं, जेवण. नैवेद्य आणि पंगत वेगळी ठेवा. गणपतीला मोदक करताना एकवीस वेगळ्या ताटात काढून तेवढेच देवापुढे ठेवा. उरलेले स्वयंपाकघरातच राहू द्या आणि थेट पंगतीत वाढा. तसे मोदक आम्ही आवडीने खातो. बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या बौद्ध घरांचीही सोय होते. पण सगळे एकशे वीस मोदक आरतीपुढे ठेवले की ‘नको’ म्हणावं लागतं, आणि करणारीला वाईट वाटतं. मुलांच्या जेलीच्या गोळ्या आणताना जिलेटिन कशाचं ते पाकिटावर बघा; डुकराचं असेल तर आम्हाला चालत नाही, आणि कसलंही असलं तरी जैन मुलांना चालत नाही.

बकरी ईदच्या चौकटीत हसरा बोकड छापलाय, तो काढा. नुसती चंद्रकोर पुरे. दोन्ही ईदच्या तारखांना फुली करून तळाला ‘चंद्रदर्शनानुसार’ लिहा, नाहीतर दर वर्षी ‘तुमची तारीख चुकली’ असे फोन येतात.

---

प्रेषक: सचिव
विषय: अंतिम दुरुस्त्या

सगळ्यांचे आभार. कार्यकारिणीचं ठरलं ते असं:

गुढीपाडवा, गणेशोत्सव, दिवाळी, नाताळ ही नावं तशीच. पाडव्याचा कार्यक्रम २८ मार्चला. ८ ऑगस्टचं युवा समितीने ‘श्रावणाआधीची मेजवानी’ केलंय. त्यांना स्वतःलाच ‘गटारी’ इंग्रजीत समजावून सांगता येईना. हळदीकुंकवाचं नाव समितीतल्या बायका ठरवणार आहेत, तोवर १७ जानेवारीच्या कार्यक्रमाला फक्त ‘संक्रांत’ छापा. काका, पतेती १४ ला, नवरोज १५ ला. मोहरमवरचं तोरण, गुड फ्रायडेचे फुगे आणि बोकड काढा. १४ ऑक्टोबर आणि २३ जुलैच्या (बिरड्याचा सण) ओळी वाढवा.

---

प्रेषक: नौपाडा
विषय: उत्तर: अंतिम दुरुस्त्या

केलं. २० ऑक्टोबरची ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ ही ओळ एका ओळीत फार दाटत होती, म्हणून दोन ओळींत तोडली. वर विजयादशमी धरून तीन ओळी भरल्या, तिथी खाली सरकवली. २३ जुलैला चित्र नको, उपासाचा दिवस आहे. दुसरं प्रूफ आज रात्री पाठवतो; जुलैचं पान मोठं करून बघा, ‘बिरड्या’तलं ‘ड्या’ हे जोडाक्षर फॉन्ट बदलताना सुटतं.