मोठ्या पडद्यासाठी कोणी सह्या गोळा केल्या का? अनुभव सांगा

पैनगंगाकाठ:
भाच्यानं सकाळीच लिंक पाठवली, मामा सही करा, पिक्चर आयमॅक्सच्या मोठ्या पडद्यावर आला पाहिजे. म्हटलं अबे इथं यष्टी वेळेवर येत नाही न तुले आयमॅक्स पाहिजे? पण केली सही. मंग आठवलं, आमीबी हेच केलतं, शोलेसाठी. यात्रेत तंबूवाली टुरिंग टॉकीज येत होती अन् कोणीतरी यवतमाळहून खबर आणली का खरा शोले 70 एमएमच्या रुंद रीळचा असते. झालं. वहीचं पान फाडून घरोघरी फिरलो. आजीनं नळयोजनेचा अर्ज समजून अंगठा देल्ला, वरून म्हणते आपल्या गल्लीत आधी आणजो. टॉकीजवाल्या काकानं पान वाचलं, त्यातच सुपारी बांधली न म्हणे, पोट्टेहो त्याची मशीन वेगळी, पडदा वेगळा, तेवढा पडदा बांधला त वाऱ्यानं तंबू हैदराबादले जाईन.

कनातीखालून:
😂😂 आमी फुकटे पडद्याच्या मांगून पाहे. डावखुरा अमिताभ तिकडून उजव्या हाताचा दिसे. तो डावखुरा हाय हे मले लगन झाल्यावर बायकोनं सांगतलं

तर्रीपोहे:
आजी ग्रेट. आला का नळ?

पैनगंगाकाठ:
@तर्रीपोहे नळ आला, पाणी यायचं हाय

रीळवाला:
शोले शूट 35 एमएमच्या रीळवरच झाला होता बरं का, मग फुगवून 70 एमएमच्या प्रिंट काढल्या. म्हणजे तुमच्या काकानं अस्सलच दाखवला 😀 आयमॅक्सची रीळ पण 70 एमएमचीच पण आडवी धावते, एका फ्रेमला कडेची 15 भोकं, म्हणून चित्र एवढं मोठं.

दारव्हेकर पुण्यात:
इंटरस्टेलर, तो अंतराळातला इंग्रजी पिक्चर, त्याच्या वेळी मीपण होतो आयमॅक्सवर आणा म्हणणाऱ्या आरडाओरड्यात. दहा वर्षं झाली म्हणून डिसेंबर 2024 ला अमेरिकेत परत लागला आणि आपल्याकडे आयमॅक्सचे पडदे पुष्पा 2 कडे, मग काय, पोरं इंटरनेटवर रडली, भांडली, एकदाचा 7 फेब्रुवारी 2025 ला आला. आठवडाभरात छावा आला तर पडदे तिकडे. मग पुन्हा लोकांनी मागणी केली, 14 मार्चला परत लागला. मी दोन्ही वेळा गेलो, दुसऱ्यांदा बाबांना नेलं, ते मक्याच्या शेतात गाडी घातली तिथं खुर्चीतून उठलेच, "अबे पीक तुडवून राहिला ना तो!"

कनातीखालून:
@दारव्हेकर बाबांचं बराबर हाय

वऱ्हाडची_लेक:
आमच्याकडे बायांची बाजू वेगळी, मधी कनात. सह्या बिह्या पोरांनीच केल्या, आम्हाला कोण विचारते. पण आईनं घरून बोरा आणला होता बसायला, त्यात सरकीचे दाणे अडकलेले, अख्खा पिक्चर टोचत होते. पिक्चर कोणता होता ते आठवत नाही, सरकी आठवते.

हायवेवाला:
पांढरकवड्यावरून हैदराबाद सरळ रस्ता, मी तिकडंच जातो मोठ्या पडद्यासाठी. तिथल्या प्रसाद मल्टिप्लेक्समध्ये आता आयमॅक्स नाही पण पडदा पाहाच. येताना आदिलाबादला जेवण.

तर्रीपोहे:
@हायवेवाला गाडीत जागा आहे का पुढच्या वेळी, दोघं आहो

हायवेवाला:
कापूस घरात येऊ द्या मंग बोलू. वेचाले माणूस भेटून नाही राहिला