लाइफसायकल कंट्रोलरमधून फर्मवेअर अद्ययावत करताना रेडला धोका आहे का?

सातपूर_सर्व्हर

नमस्कार. सातपूर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. डेल पॉवरएजचे चौदाव्या पिढीचे यंत्र आहे, त्यात आयड्रॅक ९ (सर्व्हर दुरून सांभाळण्याची अंगभूत यंत्रणा) आहे आणि हायपर-व्हीवर (विंडोजची आभासी संगणक चालवण्याची सोय) ईआरपी व टॅलीची व्हर्च्युअल मशीन चालतात. चार डिस्कचे रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणारी मांडणी) आहे. यंत्र घेतल्यापासून फर्मवेअरला (भागांमधल्या अंगभूत सॉफ्टवेअरला) कोणीही हात लावलेला नाही. येत्या रविवारी कारखाना बंद असल्यामुळे दुपारी चार तास मिळतील, तेव्हा सुरू होताना एफ१० दाबून लाइफसायकल कंट्रोलरमधूनच (डेलच्या अंगभूत देखभाल साधनातून) सगळे अद्ययावत करावे, आणि नव्या दोन डिस्क लावून त्यांचे रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) बांधावे, असा विचार आहे.

अडचणी दोन आहेत. आमचे इंटरनेट प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) जाते, त्यामुळे कॅटलॉग (डेलची अद्यतनांची यादी) उतरत नाही. दुसरी अडचण मनातली आहे: रेड कंट्रोलरचे (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डचे) फर्मवेअर बदलल्यावर जुने रेड ५ जागेवर राहील ना? सोमवारी सकाळी पहिल्या पाळीचे चलान याच यंत्रावरून निघते.

गोदाकाठ_नेटवर्क

प्रॉक्सीची माहिती लाइफसायकल कंट्रोलरमध्ये भरता येते. पण तुमच्याकडे एकच सर्व्हर असल्यामुळे त्या वाटेला न जाता आयड्रॅकच्या वेबपानावरून काम करावे, असे मला वाटते. लॅपटॉपची केबल थेट मागच्या आयड्रॅक पोर्टला लावा. पत्ता कोणी बदलला नसेल तर तो १९२.१६८.०.१२० असतो. डेलच्या साइटवर सर्व्हिस टॅग (यंत्राचा ओळख क्रमांक) टाकून विंडोजसाठीच्या ईएक्सई फायली आधीच उतरवून ठेवा. आयड्रॅक त्याच फायली स्वीकारतो, मग सर्व्हरवर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम असो.

क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी आयड्रॅक, त्यानंतर बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) आणि मग रेड कंट्रोलर व नेटवर्क कार्ड. आयड्रॅक बदलताना फक्त तोच पुन्हा सुरू होतो, सर्व्हर चालूच राहतो, म्हणून हे काम शनिवारी संध्याकाळी उरकता येईल आणि रविवारचा तेवढा वेळ वाचेल. फर्मवेअर फार जुने असेल तर काही घटकांना थेट शेवटच्या आवृत्तीवर नेता येत नाही, मधली एक पायरी घ्यावी लागते. त्यामुळे प्रत्येक फाइलसोबतची माहिती वाचल्याशिवाय ती चढवू नका. बायोसची फाइल चढवून ‘पुढच्या रीबूटला बसवा’ असे निवडले की ती जॉब क्यूमध्ये (आयड्रॅकच्या कामांच्या रांगेत) थांबून राहते.

आता रेडबद्दल. रेडची मांडणी डिस्कवरही लिहिलेली असते, म्हणून केवळ कंट्रोलरचे फर्मवेअर बदलल्याने ती पुसली जात नाही. तरीही बॅकअप सर्व्हरच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर घेतलेला असल्याशिवाय सुरुवात करू नका. शिवाय आयड्रॅकमधून सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रोफाइल (सर्व सेटिंगची फाइल) एक्सएमएल स्वरूपात काढून ठेवा. मात्र हीच फाइल परत भरण्याची वेळ आली, तर फक्त बायोस आणि आयड्रॅक हे विभाग निवडा. ‘क्लोन’ प्रकारात काढलेल्या फाइलमध्ये आधीचे रेड पुसून नवे बांधण्याची सूचना असते, आणि घाईत ती कोणाच्याच लक्षात येत नाही.

नव्या डिस्कसाठी तर यंत्र बंद करायचीही गरज नाही. आयड्रॅकच्या स्टोरेज विभागातून रेड १ चालू सर्व्हरवर बांधता येते. डिस्क निवडताना मात्र स्लॉट क्रमांक कागदावर लिहून घ्या.

अंबड_हार्डवेअर

वरचे सगळे योग्य आहे, फक्त एका ठिकाणी जास्त सावध राहावे असे कळकळीने सांगतो. डिस्क आधी दुसऱ्या सर्व्हरमध्ये वापरलेल्या असतील तर कंट्रोलर त्यांना ‘फॉरेन’ (दुसरीकडची रेड मांडणी असलेल्या) म्हणून दाखवतो आणि आयात करायचे की पुसायचे, असे विचारतो. काही वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात सफाईसाठी डिस्क काढल्या आणि परत बसवल्या. त्या फॉरेन दिसल्या, आणि नव्या डिस्कवर करतात तसे समजून मी ‘पुसा’ निवडले. त्या डिस्कवर चालू रेड होते. दोन दिवस बॅकअपवरून हिशेब उभा करण्यात गेले. म्हणून जुन्या डिस्क फॉरेन दिसल्या तर तिथेच थांबा. आयातीचे पूर्वदृश्य पाहून, पुरेशी खात्री झाल्यावरच पुढे जा.

यूपीएसचा विचारही आधीच करा. दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर असतील तर आधी बॅटरी भार पेलते का, हे पाहून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे दुपारी वीज जातेच. सीपीएलडीचे (बोर्डवरच्या एका नियंत्रण चिपचे) अद्यतन असेल तर ते याच रविवारी करू नका. ते मागे घेता येत नाही. बायोस, आयड्रॅक किंवा कंट्रोलरची मागची आवृत्ती मात्र ‘रोलबॅक’मधून परत आणता येते.

सातपूर_सर्व्हर

आपणां दोघांचेही मनापासून आभार. होस्टच्या ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू आहे आणि टीपीएमही (त्याची किल्ली जपणारी सुरक्षा चिप) आहे. त्याने काही फरक पडतो का?

गोदाकाठ_नेटवर्क

पडतो, आणि बरे झाले विचारलेत. बायोस बदलला की टीपीएममधली मोजमापे बदलतात आणि बिटलॉकर सुरुवातीलाच रिकव्हरी की मागतो. विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरता स्थगित करा, पूर्ण काढू नका. अठ्ठेचाळीस अंकी की आधी कागदावर लिहून घ्या. ती त्याच सर्व्हरवर ठेवली असेल तर ऐन वेळी मिळणार नाही.

सातपूर_सर्व्हर

काम झाले. शनिवारी आयड्रॅक बदलला, तेव्हा ईआरपीवर कोणाला जाणवलेही नाही. रविवारी बायोस बसताना पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले, पडदा बराच वेळ काळा राहिला आणि यंत्र दोनदा आपोआप रीबूट झाले. केबल काढण्याचा मोह झाला, पण लॅपटॉपवर जॉब क्यूची टक्केवारी सरकताना दिसत होती, म्हणून थांबलो. कंट्रोलरनंतर रेड ५ जसेच्या तसे दिसले. दोन्ही नव्या डिस्क कोऱ्याच निघाल्या आणि स्लॉट ४ व ५ मधले रेड १ आज सकाळी बांधले. बिटलॉकर पुन्हा चालू केला आहे. सीपीएलडी पुढच्या बंदच्या दिवसासाठी ठेवले आहे.