कम्युनिटीने भरवलेल्या कॉन्फरन्सला गेलायत का? अनुभव टाका

मंडळी, आम्ही सोलापुरातले सात-आठ जण सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे सॉफ्टवेअर फ्रीडम डेला (कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस), एक दिवसाचं काहीतरी करावं म्हणतोय. त्याआधी ज्यांनी असलं काही पाहिलंय त्यांचं ऐकायचंय. कंपन्यांचे हॉटेलातले इव्हेंट नकोत, लोकांनी स्वतः भरवलेलंच पाहिजे. कुठला टॉक भारी झाला ते राहू द्या, ते व्हिडिओत दिसतंच.

माझ्यापासून सुरुवात. २०११, पायकॉन इंडिया, म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची कॉन्फरन्स, पुण्यात होतं, हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेलो. कीनोटला रेमंड हेटिंगर, पायथॉनच्या कोअर टीममधला माणूस, आणि नंतर तो बाहेर पोरांच्या घोळक्यात आरामात उभा. मला विचारायचं होतं की पायथॉनच्या डिक्शनरीत (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या ठेवायची जागा) टाकलेल्या गोष्टींचा क्रम का बिघडतो. मनात चार वेळा इंग्रजी वाक्य जुळवलं, पाचव्यांदा जुळवेपर्यंत चहा संपला आणि लोक पांगले. पुढे पायथॉन ३.६ मध्ये डिक्शनरी क्रम पाळायला लागली, आणि ती मूळ कल्पना त्याचीच होती हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

*

माझं इंडियाफॉस २०२४, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची कॉन्फरन्स, बेंगळुरूला निमहान्सच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. तारीख ७ आणि ८ सप्टेंबर, आणि ७ला गणेश चतुर्थी! गणपती बसवायच्या दिवशी कोण घर सोडून जातं गं, म्हणून आई दोन दिवस बोलली नाही. उद्यान एक्सप्रेसने गेले, ओळखीचं कुणी नाही, सकाळभर मागच्या रांगेत बसून मोबाईल बघत होते.

चहाच्या रांगेत पुढच्या दादाने विचारलं काय काम करतेस, म्हटलं काही नाही, नुसती ऐकायला आलेय. तर म्हणाला तुझ्या भाषेत काय नीट चालत नाही तेवढं सांग. मला एकच आठवलं, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये 'दुसऱ्या' सर्च केलं की निम्मेच सापडायचे आणि सर म्हणायचे तुझा कोड चुकलाय. त्याने तिथेच जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप उघडला आणि शब्द सुटा करून दाखवला. एका 'दुसऱ्या'मध्ये खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यामध्ये साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर. डोळ्याला दोन्ही सेम टू सेम, मशीनला दोन वेगळे शब्द! कीबोर्ड वेगळा तर टायपिंग वेगळं, एवढीच भानगड. वर्षभर मी स्वतःला ढ समजत होते.

बग रिपोर्ट त्या पायरीवरच लिहिला. दोन टॉक बुडाले, बुडू देत. येताना आईसाठी म्हैसूरपाक आणला, तेव्हा कुठे बोलली.

*

मी टीशर्टसाठी गेल्तो बे, खोटं कशाला बोलू. लॅपटॉपवर स्टिकर एवढे झालेत की कंपनीचं नाव दिसंना.

*

कोची, डेबकॉन्फ २०२३, म्हणजे डेबियन ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम बनवणाऱ्यांची कॉन्फरन्स. माझ्या खिशाला परवडणारं नव्हतं, पण तिथे बर्सरी असते, अर्ज केला तर जाण्यायेण्याचं, राहण्याचं, जेवणाचं बघतात. मला मिळाली म्हणून गेलो. नुसतं कसं बसायचं म्हणून व्हिडिओ टीममध्ये नाव दिलं. वीस मिनिटात कॅमेरा शिकवला आणि थेट लाइव्ह सेशनवर उभं केलं. बोलणारा माणूस सारखा चालत होता, मी त्याच्यामागे कॅमेरा फिरवून फिरवून घामाघूम, हेडफोनमध्ये पलीकडून कुणीतरी शांतपणे सांगतंय, हळू, हळू. नंतर कळलं की तो हळू हळू म्हणणारा गडी पंधरा वर्षं डेबियनची पॅकेजेस सांभाळतोय.

एका रात्री चीज अँड वाइन पार्टी असते, जगभरचे लोक आपापल्या गावचं खायला आणतात. चीज कुठून आणणार, मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. एका फ्रेंच बाईने चटणी चमच्याने खाल्ली. नुसती. मी नको नको म्हणेपर्यंत गिळली पण. पाणी पिऊन परत आली आणि विचारते, यात तेल कुठलं? तेल घालत नाहीत हो, उखळात कुटून दाण्याचंच सुटतं, हे इंग्रजीत समजावणं कॅमेऱ्यापेक्षा अवघड गेलं.

*

सध्या जर्मनीत आहे, मूळ जुळे सोलापूर. ब्रसेल्सच्या फॉसडेमबद्दल, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या तिथल्या कॉन्फरन्सबद्दल, थोडी तक्रार. तिकीट नाही, नोंदणी नाही, युनिव्हर्सिटीत सरळ आत जायचं, हे सगळं खरंच भारी. पण म्हणूनच गर्दी गड्ड्याच्या जत्रेसारखी. ज्या खोलीत जावं तिच्या दारावर 'फुल' असा कागद, आणि स्वयंसेवक एकालाही जास्त सोडत नाहीत. फेब्रुवारीची थंडी, एका बिल्डिंगीतून दुसरीत पळत निम्मा शनिवार गेला. दुसऱ्या दिवशी शहाणा झालो, सकाळीच एक खोली पकडली आणि दिवसभर हललो नाही, भूक लागली तरी.

*

तुम्ही सगळे बाहेरचं सांगायलात, मी इथलं सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच गावातल्या एका कॉलेजात असा दिवस केलता. प्लॅन काय, तर जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टम) टाकून द्यायचं, पेन ड्राइव्ह आठ तयार. कॉलेजवाले म्हणाले उद्घाटन पाहिजे. बरं. मग दीपप्रज्वलन, मग प्रमुख पाहुणे, मग सत्कार, प्रत्येकाला टॉवेल आणि नारळ, सोलापूरच ते! साडेअकरा वाजले. पाहुण्यांनी भाषणात लिनक्सला तीन वेळा लिंक्स म्हटलं. आणि इन्स्टॉल सुरू केलं तर लॅबला लोड झेपेना, मेन स्विच पडला. अर्धवट इन्स्टॉल झालेली अकरा मशिनं समोर.

तरी साठ पोरं संध्याकाळपर्यंत थांबली. एक पद्मशाली काका यंत्रमागाच्या हिशोबाचा पीसी सायकलवर बांधून घेऊन आलते, व्हायरसने बंद पडलेला. शेजारची पोरगी त्यांना तेलुगूत समजावतीय, मी मराठीत, मागून एकजण कन्नडमध्ये सल्ले देतोय. काकांचा डेटा निघाला. जाताना सगळ्यांना चहा पाजून गेले.

तर यावेळी उद्घाटन नको, एवढी एक अट. आणि एक्स्टेन्शन बोर्ड जास्त लागतील, अशोक चौकातल्या मंडपवाल्याशी मी बोलतो, तो जाड वायरचे देतो.