मदत हवी आहे : गॅलॅक्टोसेमिया असलेल्या बाळासाठी सोया फॉर्म्युला, ठाणे ते वाशी

नमस्कार मंडळी, आम्ही ऐरोलीचे. माझ्या बहिणीच्या तान्ह्या लेकीला क्लासिक गॅलॅक्टोसेमिया हा चयापचयाचा जन्मजात आजार निघालाय. दुधातलं लॅक्टोज (दुधाची साखर) पोटात फुटलं की त्याच्या ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरा होतात. गॅलॅक्टोज पचवून पुढे नेणारं गॅल्ट एन्झाइम तिच्यात जवळजवळ नाहीच, ते अंगात साचून अपाय करतं, म्हणून आईचं दूधसुद्धा बंद करावं लागलं. ताईला ते फार लागलंय. सोया फॉर्म्युल्यावर (सोयाबीनची, दुधाऐवजी द्यायची बाळाची पावडर) कावीळ उतरतेय, बाळ अंग धरतंय.

पण हा डबा मेडिकलमध्ये कधी मिळतो, कधी नाही. ‘लॅक्टोज-फ्री दूध न्या’ असं सगळेच सुचवतात. कृपा करून कुणाला तसं सांगू नका. त्यात लॅक्टोज फोडलेलं असतं, गॅलॅक्टोज तसंच राहतं.

ठाणे ते वाशी पट्ट्यात सोया फॉर्म्युला नेमाने ठेवणारं दुकान माहीत आहे का? चयापचयाच्या आजारांचा अनुभव असलेल्या आहारतज्ज्ञ? गोळ्यांमध्येही लॅक्टोज भरण म्हणून घालतात, ते तपासून देणारा फार्मासिस्ट मिळाला तर फारच बरं.

बारसं जवळ आलंय. पंचामृताचं बोट चाटवायचा आग्रह होणारच. घरात असं मूल असलेल्यांनी मोठ्यांना कसं समजावलं, तेही जरूर लिहा.