झाडामागे 22 किलो? हे गणित कुठल्या रानातले?

रानोमाळ: परवा इथेच एकाने लिहिले, 'एक झाड वर्षाला 22 किलो कार्बन डायऑक्साइड खाते, गावाने हजार लावली की 22 टन.' खाली नुसत्या टाळ्या! अहो, कुठले झाड? केवढे? जगले का, ते तरी सांगा. जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर घेतात, उंची बघतात, लाकडाची घनता धरतात, त्यावरून सुके वजन काढतात. त्यात कार्बन साधारण 47 टक्के, त्याला 3.67 ने गुणायचे, मग कार्बन डायऑक्साइड. सारख्या घेराचे, सारख्या उंचीचे ऐन आणि पांगारा घ्या, पांगाऱ्याचे लाकूड हलके, त्यात निम्माही कार्बन भरणार नाही. शिवाय साठा वेगळा, वर्षाची भर वेगळी. देवराईत साठा प्रचंड. नवी लागवड भरभर वाढते, पण साठा नावालाच.

काजूवाला: म्हणजे झाडे लावूच नयेत? कुणी चांगले काही केले की आलेच पंतोजी.

रानोमाळ: असे कुठे लिहिलेय? आधी वाचा तरी.

फूटपट्टी: एमएस्सीच्या प्रोजेक्टला टेप घेऊन रानात हिंडलेय. खोडावर जाड वेल असली तर टेप तिच्याखालून ओढावी लागते, नाहीतर घेर फुगतो. आणि नेमका तिथेच लाल मुंग्यांचा मुक्काम! पण रानोमाळ, तुम्हीही झाडापाशीच थांबलात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2023 च्या अहवालात देशाच्या वनांतला साठा 7,285.5 दशलक्ष टन कार्बन आहे, त्यातला निम्म्याहून जास्त मातीत. तो मोजायला खड्डे कोण खणणार?

काजूवाला: त्याच सर्वेक्षणाच्या हिशेबी 1 हेक्टर जागा नि तिच्या 10 टक्के भागावर झाडांच्या फांद्या-पानांचे छत्र असले की वनाच्छादन. म्हणजे माझी काजूबागही त्यात! कागदावरचे जंगल वाढवायचे आम्ही, आणि शिव्याही आम्हीच खायच्या.

घाटउतार: रबरही त्यातच की. रान साफ करून रबर लावा, नकाशा हिरवाच.

काजूवाला: हौसेने कोण तोडतो हो? सामाईक जमीन, हिस्सेदार मुंबईत. मुलीची फी भरायची होती, दिले रान जळाऊ लाकडाच्या ठेकेदाराला. हाती काय आले ते विचारू नका. उभ्या झाडाचे पैसे कोण देतो, तुमचा कार्बन?

रानोमाळ: आणि मग बुंध्यांना फुटवे येतात, काही पावसाळ्यांत वरून पुन्हा हिरवेगार. खाली बघावे तर मनगटाएवढ्या काठ्या. उपग्रहाच्या चित्रात छत्र दिसते, घेर नाही दिसत.

काजूवाला: पुण्यात बसून आमका शिकवू नका.

रानोमाळ: आजोळ राजापूरचे आहे माझे. मामांनीही असेच रान दिले, घरात अजून त्यावरून अबोला आहे.

घाटउतार: चला, 22 किलोंवरून मामांपर्यंत आलो. पॉपकॉर्न आणतो.

काजूवाला: बरे बाबा, 22 किलो खोटे. तुम्ही थोर. आता माझ्या बागेचा खरा आकडा काढा, आणि तो विकत कोण घेणार तेही सांगा.

फूटपट्टी: गिऱ्हाईक माझ्याकडे नाही, आकडा काढून देते. फक्त जंगलातल्या झाडांचे सूत्र छाटलेल्या काजूला चालणार नाही. आणि काजू बुडापासूनच फुटतो, तेव्हा 1.37 वर तीन खोडे असतील तर तिन्हींचे घेर वेगवेगळे लिहून पाठवा.

काजूवाला: सगळ्या झाडांचे?? बोंडे गोळा करू की टेप धरू?