‘गॅझेट’ म्हणजे राजपत्रच का?

प्रश्न : ‘गाझेत दे बोझार’ या फ्रेंच नियतकालिकाचे नाव एका अनुवादात ‘ललित कला राजपत्र’ असे दिले आहे. मला ते खटकले. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : खटकायलाच हवे. गॅझेट म्हटले की आपल्याला अधिसूचना, नावातला बदल, राजपत्रित अधिकाऱ्याची सही आठवते. हा अर्थ आपल्याकडे इंग्रजीतून आला. १६६५ मध्ये निघालेले आणि पुढे ‘लंडन गॅझेट’ झालेले पत्र सरकारीच होते. मूळ शब्द मात्र व्हेनिसचा. ‘गझेता’ हे तिथले हलके नाणे. तेवढ्या पैशांत बातम्यांचे पत्रक मिळे, म्हणून पत्रकालाच ते नाव पडले, ही बहुतेकांना मान्य असलेली व्युत्पत्ती.

१८५९ मध्ये पॅरिसला एदुआर हुसे यांनी हे नियतकालिक काढले आणि शार्ल ब्लां पहिले संपादक झाले, तेव्हा त्यांच्या मनात ‘वार्तापत्र’ हाच अर्थ होता. सरकारचा त्यात संबंध नाही.

आणखी एक उत्तर : ‘बोझार’ला ‘ललित कला’ अगदी चपखल. शब्दशः ‘सुंदर कला’ होईल, पण ‘ललित’मध्ये लीलेची, खेळाची जी छटा आहे ती ‘सुंदर’मध्ये नाही. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तला अज राजा पत्नी इंदुमतीला ‘प्रियशिष्या ललिते कलाविधौ’, म्हणजे ललित कलांतली लाडकी शिष्या, म्हणतो, इतका हा शब्द आपला जुना. फ्रेंच ‘बेल-लेत्र’ला आपण ‘ललित साहित्य’ म्हणतोच, म्हणजे जोडीही जुळते.

खरी अडचण उपशीर्षकात आहे. ‘कुरिये युरोपेआं द लार ए द ला क्युरिओझिते’. ‘कुरिये’ म्हणजे टपाल, डाक. पण ‘क्युरिओझिते’चे भाषांतर ‘कुतूहल’ केले की सगळे बिघडते! त्या काळच्या पॅरिसमध्ये हा शब्द दुर्मीळ वस्तूंच्या संग्रहाला आणि त्यांच्या खरेदी-विक्रीलाही वापरत. चिनीमातीची भांडी, जुनी पदके, हस्तिदंती पेट्या, लिलाव, सगळे त्यात आले. ‘क्युरिओ’ हा आपण दुकानांवर वाचतो तो शब्द याच कुळातला. म्हणून मी ‘कला आणि संग्रह’ असे करीन.

त्या अंकांचा मोठा मान त्यातल्या एचिंगमुळे होता. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून त्यावरून कागदावर छापलेली ही चित्रे वर्गणीदार जपून ठेवत. लेखनही तसेच भक्कम. ब्लां यांचे वास्तू, शिल्प आणि चित्र या कलांच्या व्याकरणावरचे प्रकरणवार लेखन आधी इथे आले, मग १८६७ मध्ये पुस्तक झाले. १८६६ मध्ये कलासमीक्षक तेओफिल तोरे यांनी डब्ल्यू. ब्युर्गर या टोपणनावाने योहानेस वरमीरवर लेखमाला लिहिली. जवळजवळ विसरला गेलेला हा डच चित्रकार त्यानंतर लोकांना पुन्हा दिसू लागला. एका नियतकालिकाने याहून मोठे काय करायचे? १९०० मध्ये लेखक मार्सेल प्रूस्त यांनी इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनवर इथेच लिहिले. २००२ मध्ये हे नियतकालिक बंद पडले.

प्रश्नकर्ता : मग ‘ललित कला वार्तापत्र’ लिहू?

उत्तर : अर्थ म्हणून कंसात द्या. मजकुरात ‘गाझेत दे बोझार’च ठेवा. ‘केसरी’चे भाषांतर कोणी ‘सिंह’ करून छापले तर आपल्याला ओळख पटेल का?

प्रश्नकर्ता : पटले. ‘राजपत्र’ काढायला सांगतो, आणि ‘कुतूहल’ही तपासतो, तिथे तेच लिहिले असेल अशी भीती आहे.