सिंगल्समध्ये सर्व्हिस लांब की शॉर्ट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, गंगापूर रोडच्या बाजूला बॅडमिंटन खेळतो. वय चाळिशीपुढे, हौशी खेळ. पुढच्या महिन्यात क्लबची सिंगल्स स्पर्धा आहे आणि सर्व्हिसचं काही ठरत नाहीये.

फोरहँडने उंच, लांब सर्व्हिस केली की समोरचा बेसलाइनला जातो, मला मधे यायला वेळ मिळतो. पण आमच्याकडची पोरं उडी मारून थेट स्मॅश ठोकतात! शिवाय हॉलचं छत बुटकं, त्यामुळे शटल हवं तितकं उंच जात नाही. थंडीत तर ते जडच उडतं, बेसलाइनच्या हातभर आधीच पडतं.

बॅकहँड शॉर्ट सर्व्हिसने स्मॅश टळतो. डेन्मार्कच्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनसारखे पुरुष खेळाडू बहुतेक तीच करतात, म्हणे. पण त्यांचे पाय कुठे, माझे कुठे! नेटजवळून ड्रॉप आला तर पोचतो. पण लिफ्ट, म्हणजे उंच परतवलेलं शटल, मागच्या कोपऱ्यात गेली की संपलं.

मग शॉर्टच पक्की करून मधूनच फ्लिक (शॉर्टसारखी दाखवून ऐनवेळी मनगटाने मागे उडवलेली सर्व्हिस) मारावी का? आणि शॉर्टनंतर उभं नेमकं कुठे राहायचं, सर्व्हिस लाइनला चिकटून की पाऊलभर मागे? सिंगल्स नियमित खेळणाऱ्यांनी प्लीज सांगा. डबल्सचे सल्ले भरपूर मिळालेत.